लेकरांना वाचायला शिकवण्यासाठी फोनिक्स ॲप, व्हिडिओ, पुस्तक कसं निवडायचं? परभणीच्या घरांसाठी संपूर्ण माहिती



घरात पहिली-दुसरीतलं लेकरू असेल आणि तुमच्या हातात स्मार्टफोन असेल, तर एक काम आपोआप तुमच्याकडे येतं. वहिनी किंवा ताई फोन पुढे करून म्हणते, "तुला मोबाईलमधलं कळतं ना, मग सांग बरं, हा फोनिक्सचा कोर्स घ्यावा का?" जाहिरातीत तीस दिवसांत इंग्रजी वाचायची हमी असते, बाजूला फ्री ट्रायलचं बटण असतं आणि निर्णय तुम्हाला घ्यायचा असतो.

हा निर्णय छोटा नाही. तिसरीपर्यंत लेकराला वाचता आलं नाही, तर चौथीपासून परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणं सगळंच अवघड होत जातं. देशभरातल्या ग्रामीण भागात होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार, सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ टक्के होता. म्हणजे सुधारणा आहे, पण चारातली तीन लेकरं अजून मागे आहेत.

मी परभणीचाच असल्यामुळे या लेखातली उदाहरणं इथल्या घरांची आहेत: जिल्हा परिषदेची मराठी शाळा, घरात एकच फोन, तोही दिवसभर कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात, आणि डेटा संपायच्या बेतात. या परिस्थितीत काय निवडायचं ते आपण टप्प्याटप्प्याने बघू.

फोनिक्स म्हणजे नेमकं काय?

फोनिक्स म्हणजे अक्षराचं नाव न शिकवता अक्षराचा आवाज शिकवणं, आणि ते आवाज जोडून शब्द वाचायला लावणं.

उदाहरण घ्या. 'कॅट' या शब्दाचं स्पेलिंग सी-ए-टी. ही तीन नावं कितीही भरभर म्हटली तरी 'सीएटी' होईल, 'कॅट' होणार नाही. पण क्, ॲ, ट् हे तीन आवाज जोडले की 'कॅट' ऐकू येतं. एवढीच मूळ कल्पना आहे.

इंग्रजीला याची गरज का पडते? कारण त्या भाषेत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४ आहेत. एकाच 'ए' अक्षराचा कॅट, केक, कार आणि वॉटर या चार शब्दांत चार वेगळे आवाज होतात. म्हणून आवाज ठरावीक क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे शिकवावे लागतात. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली आधीचे अनेक अभ्यास तपासून असंच सांगितलं की क्रमवार फोनिक्स शिकवल्याने मुलांना वाचायला मदत होते. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी ४० शब्दांची फोनिक्स चाचणी घेतली जाते.

मग मराठीला फोनिक्स लागतं का?

मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज जवळजवळ एकच. 'क' ला आपण 'क'च म्हणतो. म्हणून मराठीचं फोनिक्स शिकवायला वेगळा कोर्स घ्यायची गरज नाही. अडचण दुसरीकडे आहे, ती म्हणजे संख्येत.

६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेत १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजनं आणि २ विशेष संयुक्त व्यंजनं, असे ५२ वर्ण आहेत. ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेच्या वर चिन्हं होतात, आणि जोडाक्षरं अजून बाकीच असतात. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, या क्रमाने गेलं तर लेकराला पहिला शब्द स्वतः वाचायला कित्येक महिने लागतात. तोपर्यंत ते घोकायला शिकतं आणि वाचायचं राहून जातं.

यावर महाराष्ट्रातच उत्तर शोधलं गेलं आहे. डॉ. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून येऊन इथल्या झालेल्या भाषातज्ज्ञ बाईंनी फलटणला शाळेबाहेरच्या मुलांना वाचायला शिकवायला सुरुवात केली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. तिथली पद्धत म्हणजे थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा एकत्र शिकवायची आणि त्यातून लगेच शब्द वाचायला द्यायचे. पालघर जिल्ह्यात सोनाळे इथे काम करणारी, नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' ही संस्थाही मराठीतल्या सुरुवातीच्या वाचन-लेखनावर बरीच वर्षं काम करते आहे.

हे घरी करून बघा. फक्त पाच चिन्हं घ्या: म, क, न, र आणि काना. यातून किती शब्द होतात?

मन, कर, नर, नाक, कान, मान, काम, रान, राम, मका, काका, मामा, नाना.

हे झाले तेरा शब्द. "मामा, काम कर" असं वाक्यसुद्धा तयार होतं. आठवड्याभरात लेकरू स्वतः वाक्य वाचतं, आणि त्या आनंदाला कोणत्याही ॲपच्या स्टारची सर नाही. पुढच्या आठवड्यात ल, स, त आणि दुसरी वेलांटी घ्या. गाडी पुढे जाते.

मराठीतही थोड्या गमती आहेत, त्या माहीत असू द्या:

- 'चार' आणि 'चारा' मोठ्याने म्हणून बघा. च एकच लिहितो, पण आवाज दोन आहेत. ज आणि झ चंही तसंच.
- 'घर' लिहितो तेव्हा र पूर्ण, बोलताना मात्र 'घर्'. लेकराने 'घ-र-अ' असं लांबवलं तर हसू नका, ते लिहिलेलं तसंच्या तसं वाचतंय.
- घरात 'पानी', 'लोनी' असं बोललं जात असेल तर लेकरू तसंच लिहिणार. त्याने आवाज बरोबर ओळखला, त्या आवाजाचं अक्षरही बरोबर लिहिलं. म्हणून आधी शाबासकी द्या आणि मग सांगा की पुस्तकात हा शब्द 'पाणी' असा लिहितात.

मराठी लेकराला इंग्रजी फोनिक्समध्ये कुठे अडतं?

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे आपल्या लेकराला दोन लिप्या जवळजवळ एकाच वेळी शिकाव्या लागतात. बहुतेक फोनिक्स कोर्स घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी बनलेले असतात. आपल्याकडे अडचणी वेगळ्या येतात:

१. पोटातला 'अ'. आपल्या 'ब' मध्ये अ लपलेला असतो. त्यामुळे लेकरू 'बॅट' चे आवाज 'ब-ॲ-ट' असे पूर्ण अक्षरात म्हणतं आणि जोडताना 'बअॅट' होतं. शिकवताना पाय मोडलेला आवाज म्हणायचा: ब्, ॲ, ट्. व्हिडिओ निवडतानाही हेच ऐकायचं. शिकवणारी व्यक्ती 'स्स्स' म्हणते की 'सअ'? 'सअ' म्हणत असेल तर तो व्हिडिओ सोडा.

२. ॲ आणि ऑ. आपल्या भागात 'बॅट' ला 'ब्याट' आणि 'कॉपी' ला 'कापी' ऐकू येतं. हे दोन स्वर आता मराठी वर्णमालेतही आहेत. त्यामुळे लेकराला आधी 'बॅट, बॅग, बॉल, डॉक्टर' हे मराठीत लिहिलेले शब्द वाचू द्या, मग इंग्रजीकडे वळा. मराठीचा उपयोग शिडीसारखा होतो.

३. व्ही आणि डब्ल्यू. आपल्याला दोन्ही 'व' वाटतात. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यू म्हणताना ओठ गोल होतात. आरशासमोर दोन मिनिटांत कळतं.

४. झेड आणि एफ. घरात दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या लेकरांना हे दोन आवाज 'ज़रा', 'साफ़' अशा शब्दांमुळे आधीच येतात. परभणी, पाथरी, जिंतूरकडच्या अशा घरांनी ही सोय जरूर वापरावी. मराठी घरात मात्र हे आवाज वेगळे ऐकवावे लागतात.

तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या लेकरांना तर मराठीही नव्याने शिकायची असते. तिथे आधी भरपूर गोष्टी, गप्पा, शब्दांचे अर्थ, आणि मग अक्षरं. ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तो वाचला काय नि नाही वाचला काय, लेकराला फरक पडत नाही.

काहीही डाउनलोड करायच्या आधी: लेकरू कुठे आहे ते तपासा

यासाठी 'प्रथम' संस्थेशी जोडलेल्या 'असर' ची वाचन चाचणी फार सोपी आहे. तिचे चार टप्पे आहेत: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. घरी अशी करा:

- आधी चार ओळींचा सोपा परिच्छेद द्या. वाक्य म्हणून वाचलं तर गोष्ट द्या.
- परिच्छेद जमला नाही तर पाच साधे शब्द द्या. पाचांपैकी चार आले तर लेकरू शब्दाच्या टप्प्यावर आहे.
- तेही नाही जमलं तर पाच अक्षरं विचारा. इथेही चार यायला हवीत.

दहा मिनिटांत कळतं की लेकराला काय हवं आहे. परिच्छेद वाचणाऱ्याला 'अ अननसाचा' चे व्हिडिओ दाखवले तर वेळ वाया जातो. अक्षरंही न ओळखणाऱ्याला थेट गोष्टीचं ॲप दिलं तर ते चित्रं बघून अंदाजाने बोलतं. आपल्याला वाटतं वाचतंय.

फोनिक्सचं साधन निवडायच्या सात कसोट्या

ॲप असो, यूट्यूब चॅनल असो की बाजारातलं पुस्तक, या सात गोष्टी तपासा:

१. क्रम आहे का? ए फॉर ॲपल पासून झेड पर्यंत जाणारं साधन म्हणजे फोनिक्स नव्हे, ते वर्णमालेचं गाणं आहे. चांगल्या कार्यक्रमात पहिला गट बहुतेक वेळा एस, ए, टी, आय, पी, एन असा असतो, कारण एवढ्या सहा अक्षरांत सॅट, पिन, टिन, पॅन, टॅप, सिप, नॅप असे शब्द लगेच तयार होतात.

२. आवाज शुद्ध आहे का? वर सांगितलेली 'स्स्स' आणि 'सअ' ची परीक्षा.

३. शिकलेल्या अक्षरांतूनच वाचायला देतं का? सहा अक्षरं शिकवून लगेच 'एलिफंट' वाचायला लावणारं साधन नको.

४. जोडायला शिकवतं का? नुसते आवाज ओळखणं पुरेसं नाही, ते जोडून शब्द करता यायला हवा.

५. लिहून घेतं का? टॅप करून उत्तर निवडणं वेगळं आणि हाताने लिहिणं वेगळं. ॲपमध्ये लिहिणं नसेल तर पाटी किंवा वही सोबत हवीच.

६. नेटशिवाय चालतं का? गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला जातात. पालावर रेंज नसते. त्या लेकरांसाठी ऑफलाइन चालणं ही पहिली अट आहे.

७. जाहिराती आणि परवानग्या. लेकरांच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स, लोकेशन कशाला हवेत? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. फुकटच्या ॲपमध्ये मधेच जुगाराच्या गेमची जाहिरात आली, तर ते ॲप त्याच क्षणी काढून टाका.

सातपैकी पाच कसोट्या पास होत असतील तर वापरायला हरकत नाही. पहिली, दुसरी किंवा सातवी नापास असेल तर बाकीचं बघूच नका.

मोफत साधनं: कोणतं कशासाठी?

बालभारती आणि दीक्षा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपने स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं आणि ते डाउनलोड करून ठेवता येतं. दीक्षा सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं. शाळेत जे चाललंय त्याच्याशी जुळणारं दुसरं काही नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा.

रीड अलाँग. गूगलचं हे ॲप २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावाने आलं, मग नाव बदललं आणि मराठीही आली. लेकरू मोठ्याने वाचतं, 'दिया' नावाचं पात्र ऐकतं, अडलं तर शब्द सांगतं. आवाजाची तपासणी फोनवरच होते, त्यामुळे एकदा गोष्टी उतरवल्या की नेट लागत नाही. पण लक्षात ठेवा, हे वाचनाच्या सरावाचं ॲप आहे. शब्दाच्या टप्प्यावर आलेल्या लेकरासाठी उत्तम, अक्षरं न येणाऱ्यासाठी नाही.

स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ ला सुरू केलेलं गोष्टींचं भांडार. मराठीत भरपूर गोष्टी, चार पातळ्यांत विभागलेल्या, मोफत आणि खुल्या परवान्याच्या. पहिल्या पातळीची गोष्ट डाउनलोड करा, झेरॉक्सच्या दुकानात काळी-पांढरी प्रिंट काढा. फोन कामावर गेला तरी गोष्ट घरात राहते. उर्दू आणि इतर भाषांतल्या गोष्टीही इथे आहेत.

खान अकॅडमी किड्स. मोफत, जाहिराती नाहीत, साधारण २ ते ८ वयासाठी. मात्र बहुतेक सगळं इंग्रजीत आहे. मोठं कुणी शेजारी बसून मराठीत समजावत असेल तरच उपयोग.

ड्युओलिंगो एबीसी. हेही मोफत आणि बिनजाहिरातीचं. आवाज, अक्षर गिरवणं, छोटे शब्द असा क्रम चांगला आहे. उच्चार अमेरिकन आहेत.

अल्फाब्लॉक्स. बीबीसीच्या लहान मुलांच्या वाहिनीवर २०१० मध्ये आलेली कार्टून मालिका. अक्षरंच पात्रं आहेत, ती हात धरतात आणि शब्द तयार होतो. 'जोडणं' म्हणजे काय हे समजावायला यासारखं दुसरं नाही. उच्चार ब्रिटिश.

जॉली फोनिक्स. सू लॉइड आणि सारा वर्नहॅम यांचा हा इंग्लंडमधला कार्यक्रम अनेक खाजगी इंग्रजी शाळांत वापरतात. ४२ आवाज, प्रत्येकाला एक हातवारे करायची कृती. पुस्तकं विकत घ्यावी लागतात. शाळेत हेच चालू असेल तर घरीही हाच क्रम ठेवा, दुसरं काही मध्ये घालू नका.

ॲपची नावं, भाषा आणि अटी बदलत राहतात. इन्स्टॉल करताना बनवणाऱ्या संस्थेचं नाव नीट वाचा, सारख्या नावाची नकली ॲप्स बरीच असतात.

पैसे भरण्याआधी हे वाचा

फ्री ट्रायल सुरू करताना बहुतेक ॲप्स कार्ड किंवा यूपीआय ऑटोपेची मंजुरी घेतात. ट्रायल संपलं की पैसे आपोआप कापले जातात. ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

बंद करायची पद्धत:

- प्ले स्टोअर उघडा, वरचा प्रोफाइल फोटो दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये 'सबस्क्रिप्शन्स' निवडा आणि रद्द करा.
- यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' विभागात जाऊन तिथेही मंजुरी काढून टाका.
- पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

घरी येऊन वर्षभराचं पॅकेज विकणारे प्रतिनिधीही फिरतात. त्यांना तीनच प्रश्न विचारा: पहिल्या गटात कोणती अक्षरं आहेत? नेटशिवाय चालतं का? महिन्याभराने बंद केलं तर पैसे परत मिळतील हे लिहून द्याल का? हप्त्यावर घ्या म्हणाले तर ते कर्ज आहे, कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

फोन लेकराच्या हातात देण्याआधी

- ॲप पिनिंग: सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली हा पर्याय असतो. चालू केला की लेकरू त्या एकाच ॲपमध्ये राहतं, यूट्यूबवर उडी मारता येत नाही.
- खरेदीला पासवर्ड: प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड किंवा बोट लावणं सक्तीचं करा.
- वेळ: डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपला टायमर लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे ३-४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत हवा, आणि जितका कमी तितका बरा.
- तुमचा आवाज: फोनच्या रेकॉर्डरमध्ये या आठवड्याच्या अक्षरांचे आवाज आणि दहा शब्द आईच्या किंवा तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा. डेटा लागत नाही, जाहिरात येत नाही, आणि लेकरू घरच्या माणसाचा आवाज लक्ष देऊन ऐकतं.

रोजची वीस मिनिटं कशी वापरायची?

- ५ मिनिटं: कालचे आवाज. पाटीवर अक्षर दाखवा, लेकराने आवाज सांगायचा.
- ५ मिनिटं: एक नवीन अक्षर किंवा मात्रा आणि त्यातून तीन-चार शब्द.
- ५ मिनिटं: श्रुतलेखन. तुम्ही शब्द म्हणा, लेकराने आवाज बोटांवर मोजून लिहायचा.
- ५ मिनिटं: गोष्ट. तुम्ही वाचा, ओळीखाली बोट फिरवा, येणारे शब्द लेकराला वाचू द्या.

फोन यात शेवटच्या किंवा पहिल्या पाच मिनिटांपुरताच. बाकी पाटी-पेन्सिल पुरते.

महिन्यातून एकदा निरर्थक शब्दांची परीक्षा घ्या. इंग्लंडच्या चाचणीतही ४० पैकी २० शब्द असे खोटे असतात. मराठीत 'रकान', 'नामर', इंग्रजीत टी-आय-एस म्हणजे 'टिस', एस-ए-एन म्हणजे 'सॅन'. खोटा शब्द वाचता आला तर लेकरू खरंच आवाज जोडतंय. खरे शब्द येतात पण खोटे येत नाहीत, तर ते पाठांतर आहे.

स्पेलिंगचं काय?

वाचताना चिन्हाकडून आवाजाकडे जायचं, लिहिताना आवाजाकडून चिन्हाकडे. दुसरी वाट जास्त अवघड असते, म्हणून स्पेलिंग वाचनाच्या मागेच राहणार. घाबरू नका.

इंग्रजीत 'शिप' मध्ये आवाज तीन, अक्षरं चार. एस आणि एच मिळून एकच आवाज. असे जोडगोळीचे आवाज एकेक करून शिकवा. काही नियम कामाला येतात: छोट्या शब्दात ऱ्हस्व स्वरानंतर शेवटी क् आला तर तो बहुधा सी-के ने लिहितात, जसं बॅक, डक, सॉक. काही शब्द मात्र नियमात बसत नाहीत: द, वॉज, सेड, वन. ते आठवड्याला दोन-तीन या हिशेबाने पाठच करायचे.

मराठीतही एक नियम लवकर सांगा: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. गाडी, पाणी, वस्तू. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद. एवढ्या एका नियमाने वहीतल्या बऱ्याच लाल खुणा कमी होतात.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी मराठी की इंग्रजी? वाचायला आधी मराठी. एका लिपीत आवाज जोडायची युक्ती कळली की दुसरीत ती लवकर जमते. तोवर इंग्रजी ऐकणं-बोलणं, गाणी चालू ठेवा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्यावर भर आहे.

आईला इंग्रजी येत नाही, मग? मराठीचा सगळा भाग ती शिकवू शकते. इंग्रजीचे सुरुवातीचे सहा आवाज तुम्ही रेकॉर्ड करून द्या.

अमेरिकन उच्चार चालतील का, की ब्रिटिशच हवेत? दोन्ही चालतात. एकाच वेळी दोन नकोत, एवढंच.

एआय चॅटबॉटकडून शब्दांच्या याद्या करून घेऊ का? घ्या, पण मराठी याद्या एकदा डोळ्याखालून घाला. अजून न शिकलेली मात्रा किंवा जोडाक्षर मध्येच घुसलेलं असतं.

लेकरू ब आणि ड ची इंग्रजी अक्षरं उलटी लिहितं. सुरुवातीला हे बऱ्याच मुलांचं होतं. वर्ष-दोन वर्षं नीट शिकवूनही आवाज जोडणं अजिबात जमत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि शाळेतल्या सरांशी किंवा मॅडमशी बोला. त्यावर ॲप हा उपाय नाही.

थोडक्यात

आज संध्याकाळी दहा मिनिटांची चाचणी घ्या. टप्पा कळला की या यादीतलं एकच साधन निवडा आणि ते चार आठवडे चालवा. फोनमध्ये पाच ॲप्स भरून ठेवण्यापेक्षा एक ॲप, एक पाटी आणि शेजारी बसलेलं एक माणूस जास्त काम करतं. तुमच्या ओळखीत पहिली-दुसरीचं लेकरू असलेलं घर असेल, तर हा लेख त्यांच्या व्हॉट्सॲपवर नक्की पाठवा. कोर्सचे पैसे भरायच्या आधी पोहोचला तर अजून उत्तम.